बेचाळीस मीटरवरचा जोड

डोंगरावरचा आमचा रिपीटर पावसाळ्याच्या शेवटी खरखरायला लागला, तेव्हा आम्हाला वाटलं एका दिवसाचं काम असेल. पाच दिवस लागले, त्यातले दोन फक्त एक कनेक्टर शोधण्यात गेले. परत आल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हातातल्या छोट्या वायरलेस सेटचा क्षीण आवाज उंचावर पकडायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात परत सोडायचा, हे रिपीटरचं काम. आमच्या हॅम, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांच्या, गटाचा रिपीटर १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीत अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झचं आणि दोन्हींना मिळून अँटेना एकच. त्यामुळे वरच्या एखाद्या जोडाला गंज चढला की ट्रान्समीटरच्या ताकदीने तिथे बारीक बारीक गोंगाट तयार होतो आणि तो आपल्याच रिसीव्हरच्या कानात शिरतो. दरड कोसळते, मोबाइल बंद पडतात, तेव्हा बोलायला हाच एक मार्ग उरतो. म्हणून तो खरखरायला लागला की आम्हाला चैन पडत नाही.

पहिला दिवस : डोंगर

आम्ही तिघं होतो. मी, आमच्या गटातला नवा मुलगा, आणि टॉवरवर चढणारे रिगर दादा. वर पोचलो तेव्हा ऊन लख्ख होतं आणि रिपीटर अगदी स्वच्छ बोलत होता. बिघाड बघायला आलेल्या माणसासमोर यंत्र शहाण्यासारखं वागतं, हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना माझी अवस्था कळेल.

तिथल्या चौकीदार मामांनी कोडं अर्धं सोडवून ठेवलं होतं. ते रात्रंदिवस तिथेच असतात आणि खोलीतल्या स्पीकरचा आवाज त्यांच्या कानावर पडत असतो. म्हणाले, "ताई, सकाळी धुकं असलं की हा खोकतो. ऊन चढलं की गप्प होतो." मग एक वही काढून दाखवली. पाऊस, धुकं, वारा यांच्या रोजच्या नोंदी त्यात होत्याच, आणि गेल्या तीन आठवड्यांपासून शेवटी एक शब्द वाढलेला: "खरखर" किंवा "साफ". धुक्याच्या प्रत्येक दिवसापुढे "खरखर". मीटर काढायच्या आधीच मला खात्री झाली की कुठेतरी पाणी शिरलंय.

खाली केबलच्या तोंडाशी एसडब्ल्यूआर मोजला, म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली ताकद किती परत फिरते त्याचं माप. सगळं ठीक असेल तर तो १ च्या जवळ असतो, इथे आला ३. म्हणजे पाठवलेल्या ताकदीपैकी २५ टक्के परत येत होती. आणि हे खालचं माप होतं. केबल स्वतःही थोडी ताकद खाते, जाताना आणि येतानाही, त्यामुळे वरचा बिघाड खालून नेहमी सौम्य दिसतो. आमच्या केबलचा हिशेब धरला तर वर हाच आकडा पावणेपाचच्या घरात जात होता.

मग ॲनलायझरवर, म्हणजे केबल तपासायच्या यंत्रावर, बिघाडाचं अंतर काढलं. ३१.५ मीटर. दादा चढले. तिथे केबल टॉवरला बांधणारी एक पकड होती, बाकी काही नाही. केबल चेपलेली नव्हती, वरचं आवरण फाटलेलं नव्हतं. दादांनी वरून विचारलं, "ताई, कापून बघू का?" मी नको म्हटलं, आणि हे "नको" सगळ्या प्रवासात माझ्या हातून झालेलं सर्वांत बरं काम असावं. तेवढ्यात ढग उतरले, दादांना खाली यावं लागलं.

रात्री मामांच्या खोलीत ॲनलायझरच्या सेटिंग चाळताना चूक सापडली. केबलमधून लहर प्रकाशाच्या वेगाने जात नाही, काहीशी मंद जाते, आणि किती मंद ते प्रत्येक केबलचं वेगळं असतं. यंत्रात मागच्या कामाचा ०.६६ हा गुणक राहिला होता. आमच्या फोम भरलेल्या जाड केबलचा ०.८८ आहे. ३१.५ ला ०.६६ ने भागून ०.८८ ने गुणलं की येतात बरोबर ४२ मीटर. आणि ४२ मीटरवर काय आहे, तर मुख्य केबल संपून अँटेनाकडे जाणारी तीन मीटरची जंपर केबल सुरू होते तो जोड.

अंतर मोजण्याआधी केबलचा गुणक तपासून घ्या, आणि तो यंत्राला चिकटवलेल्या पट्टीवर लिहून ठेवा. आम्ही आता ठेवतो.

दुसरा दिवस : जोड उघडला

सकाळी दाट धुकं होतं आणि रिपीटर खोकत होता. मामांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं.

धुकं विरल्यावर ट्रान्समीटर बंद केला, त्याच्या स्विचला कुलूप लावलं, किल्ली दादांच्या खिशात. हा नियम आम्ही मोडत नाही. वर माणूस असताना खालून कुणीही चुकून ट्रान्समीटर सुरू करू शकता कामा नये. त्याच टॉवरवर इतरांचे ट्रान्समीटर असतील तर त्यांच्याशीही आधी बोलून घ्यावं लागतं. आणि चढायचं प्रशिक्षण घेतलेल्यानेच. दादांच्या पट्ट्याला दोन दोऱ्या असतात, एक सोडायच्या आधी दुसरी अडकलेलीच असते. मी खालूनच काम करते.

दादांनी जोडावरची टेप सोडवली, फोटो खाली पाठवले. ते फोटो बघताना मला वाईट वाटलं, कारण टेप भरपूर होती. कुणीतरी मनापासून गुंडाळली होती, पण वरून खाली. त्यामुळे प्रत्येक वेढ्याची कड वर उघडी राहिली होती आणि ओघळणारं पाणी त्या कडांमध्ये झिरपत राहिलं. कौलं घालताना आपण खालून वर जातो ना, म्हणजे वरचं कौल खालच्यावर येतं? टेपचंही तसंच. एवढी मेहनत आणि फक्त दिशा चुकली.

जोड सुटला तेव्हा आतून पाण्याचा थेंब पडला. पिन हिरव्या किटाने माखलेली होती. जिथे कोरडा फोम असायला हवा तिथे पाणी बसलं होतं. पदार्थ लहरीला किती मंद करतो ते ज्यावरून कळतं तो डाय-इलेक्ट्रिक स्थिरांक पाण्याचा ८० च्या जवळ, या फोमचा साधारण १.३. एवढ्या फरकाचा पदार्थ मधे आला की केबलचा ५० ओहमचा इम्पीडन्स, म्हणजे लहरीला सगळीकडे सारखाच मिळणारा विरोध, तिथे बिघडतोच.

दादांनी मुख्य केबलचं टोक फोम कोरडा आणि तांबं चकचकीत लागेपर्यंत कापलं. नशिबाने वर केबलचा एक सैल वळसा ठेवलेला होता, त्यामुळे लांबी पुरली. मी त्यांना आणखी वीतभर चांगला तुकडा कापून नमुना म्हणून खाली आणायला सांगितलं. उघडं टोक खाली वळवून, पिशवी आणि टेपने बंद करून ठेवलं. जंपर अख्खी उतरवली.

आता हवे होते दोन कनेक्टर, दोन्ही एन जातीचे, म्हणजे आटे फिरवून बसणारे. मुख्य केबलला मादी, जंपरला नर, म्हणजे मधे पिन असलेला.

तिसरा दिवस : बाजार

मोठ्या शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात पोचायला दुपार झाली. गल्लीत शिरलं की कनेक्टरच कनेक्टर, हारांसारखे टांगलेले. माझ्यासारखीला तिथे तासन्‌तास काढता येतील.

एन कनेक्टर विकत घेताना मी काय बघते ते इथे सांगून टाकते. पहिलं, ५० ओहमचा आहे का. ७५ ओहमचाही एन मिळतो, बाहेरून तसाच दिसतो, पण त्याची मधली पिन बारीक असते. ५० च्या नराची जाड पिन ७५ च्या मादीत घातली की तिच्या पाकळ्या कायमच्या फाकतात. दुसरं, मादीच्या आतल्या पाकळ्या. चांगल्या कनेक्टरमध्ये त्या बेरिलियम कॉपरच्या असतात आणि पिन काढल्यावर पुन्हा मिटतात. स्वस्तातल्या साध्या पितळेच्या असतील तर दोन-चार वेळा घालून काढल्यावर उघड्याच राहतात. तिसरं, आतलं पांढरं प्लास्टिक खरंच टेफ्लॉन आहे का. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं, त्यामुळे ३०० अंशांवरची सोल्डरिंग इस्त्री क्षणभर टेकवली तर त्याला काही होत नाही, साधं प्लास्टिक लगेच खचतं. अर्थात हे दुकानदाराला विचारूनच करायचं.

एका दुकानातल्या बाई फार मनापासून मदत करत होत्या. त्यांनी केबल कुठली ते विचारलं. मुख्य केबलवरची अक्षरं उन्हापावसात पुसली गेली होती. जंपरवरची शाबूत होती, ती मी वाचून दाखवली: अर्धा इंच, सुपरफ्लेक्सिबल. दोन्ही केबली अर्ध्या इंचाच्याच, म्हणून एक नर आणि एक मादी, दोन्ही अर्ध्या इंचाचे घेतले. नमुन्याचा तुकडा पिशवीच्या तळाशी होता. बाहेर पाऊस धरला होता, घाई होती, मी तो काढला नाही.

मुक्कामाच्या खोलीत रात्री तो तुकडा काढला आणि मादी कनेक्टर लावून बघितला. केबलची मधली तार भोकात जाईना.

तेव्हा व्हर्नियर काढला. सुपरफ्लेक्सिबल जंपरची मधली तार ३.६ मिलिमीटर, मुख्य केबलची ४.८. बाहेरचं आवरण एकीचं १३ च्या आसपास, दुसरीचं १६. दोघींनाही बाजारात अर्धा इंचच म्हणतात. शिवाय जंपरच्या तांब्यावरच्या वळ्या स्क्रूच्या आट्यांसारख्या फिरत जातात, तर मुख्य केबलच्या वळ्या बांगड्यांसारख्या, प्रत्येक वेगळी. त्यालाही कारण आहे. बांगड्यांसारख्या वळ्यांमुळे एका टोकाला शिरलेलं पाणी तिथेच अडतं, आट्यांच्या वाटेने ते आत आत सरकू शकतं. आमची बेचाळीस मीटरची केबल वाचली ती बहुधा यामुळेच.

एक कनेक्टर बरोबर, एक चूक. रात्रभर पाऊस पडत होता आणि मी त्या दोन मापांकडे बघत बसले होते.

चौथा दिवस : काका

दुकान उघडल्या उघडल्या गेले. बाईंनी मादी परत घेतली, पण ४.८ च्या तारेचा कनेक्टर त्यांच्याकडे नव्हता, आजूबाजूलाही नव्हता. हल्ली ही केबल बसवणारे आपले कनेक्टर थेट मागवतात, म्हणाल्या. मग थोडा विचार करून त्यांनी एका कागदावर नकाशा काढून दिला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक निवृत्त तंत्रज्ञ काका आहेत, त्यांच्याकडे बघा.

काकांची कार्यशाळा म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतभर खण, आणि प्रत्येक कनेक्टरला दोऱ्याने बांधलेली कागदी चिठ्ठी: कुठल्या केबलचा, कुठल्या मापाचा, कुठून उतरवलेला. मी "अर्धा इंच" म्हणायला तोंड उघडलं तोच त्यांनी हात पुढे केला. "नाव नको सांगूस. तुकडा आणलायस?"

तुकडा हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा वळ्यांवरून सावकाश फिरवला. वळ्या फिरत जातात की वेगवेगळ्या आहेत, हे ते बोटाने वाचत होते. मग मधल्या तारेचं टोक उजेडात धरलं. "बघ, आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा पापुद्रा. सुरीने सोलताना हा पापुद्रा खरवडलास तर केबल गेली." ते मला पटलं, कारण १४५ मेगाहर्ट्झला वीज तांब्याच्या वरच्या जेमतेम साडेपाच मायक्रॉनमधूनच धावते. आतली ॲल्युमिनियमची तार फक्त आधाराला.

तिसऱ्या खणात आमच्या केबलचा कनेक्टर होता. न वापरलेला, जुन्या साठ्यातला. मी लगेच पिशवी उघडली, पण काका म्हणाले, "थांब." त्यांनी आतलं रबरी कडं काढलं, दोन नखांमध्ये दुमडलं आणि भिंगाखाली धरलं. दुमडलेल्या जागी केसासारख्या भेगा पडल्या होत्या. कनेक्टर नवा, पण रबर म्हातारं झालं होतं. ते तसंच बसवलं असतं तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच थेंब. त्यांनी आतला व्यास आणि रबराची जाडी मोजून दुसरी कडी शोधली, त्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात लावला. ग्रीस रबराला लावायचं, पिनेला नाही.

मग त्यांनी मला बसवून माझ्याच तुकड्यावर तीनदा सराव करायला लावला. करवतीने कापताना केबलचं तोंड खाली हवं, म्हणजे तांब्याचा चुरा फोममध्ये न जाता बाहेर पडतो. कापून झालं की ब्रशने झटकायचं. कुठल्या वळीवर कापायचं ते त्या त्या कनेक्टरच्या पत्रकात दिलेलं असतं, त्यात अंदाज चालत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, आवळताना कनेक्टरचं अंग स्थिर धरायचं आणि फक्त नट फिरवायचा. अंग फिरलं की आत पिन गरगर फिरते आणि पाकळ्यांचा मुलामा खरवडून जातो. पहिल्या खेपेला माझ्या हातून अंग फिरलं. त्यांनी उघडून तो ओरखडा मला दाखवला आणि काही न बोलता केबल पुन्हा कापायला दिली.

मधे मधे गप्पा चालल्या होत्या. एन हे अक्षर पॉल नील यांच्या आडनावावरून आलं, बेल लॅब्जमध्ये १९४० च्या दशकात त्यांनी हा कनेक्टर घडवला, हे काका एखाद्या नातेवाइकाबद्दल सांगावं तसं सांगत होते. बीएनसी या दुसऱ्या कनेक्टरच्या नावातला एनही त्यांचाच. एनच्या आधीचा, १९३० च्या दशकातला यूएचएफ कनेक्टर आपण हॅम मंडळी अजून वापरतो, पण त्याचा इम्पीडन्स ५० ओहमला धरून राहत नाही आणि पाण्यापासून संरक्षण त्यात मुळातच नाही. गंमत म्हणजे एन आणि यूएचएफ दोघांचे आटे एकाच मापाचे, पाच अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला २४. तरी ते एकमेकांत बसत नाहीत. "आटे जुळले म्हणजे जोडी जुळली असं नसतं," काका म्हणाले.

निघताना त्यांनी एकच मागणी केली. किटलेला जुना कनेक्टर त्यांना हवा होता. उभा चिरून पाणी नेमकं कुठून गेलं ते बघायचं होतं.

पाचवा दिवस : पुन्हा वर

सकाळी वारा इतका होता की दादा चढायला तयार नव्हते, आणि त्यांच्या शब्दापुढे कुणी बोलत नाही. तो वेळ कारणी लागला. काकांनी मला शिकवलं ते मी उरलेल्या तुकड्यावर दादांना दाखवलं, त्यांनी चारदा करून बघितलं. जंपरचा नर कनेक्टर नव्या मुलाने खालीच बसवला. पहिल्यांदाच बसवत होता, आणि अंग हलू दिलं नाही.

अकराला वारा पडला. दादा वर गेले, मादी कनेक्टर बसवला, आणि अँटेना जोडायच्या आधी तिथे ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा खोटा भार, लावला. हे टप्प्याटप्प्याने करावं. डमी लोडवर माप चांगलं आलं तर केबल आणि नवा कनेक्टर निर्दोष, त्यानंतर काही बिघडलेलं दिसलं तर ते पुढे आहे, हे कळतं. खाली आकडा आला १.०५. मग जंपर आणि अँटेना जोडली: १.३. मी तो आकडा वॉकीटॉकीवर सांगितला तेव्हा वरून दादांची शिट्टी ऐकू आली.

शेवटचं काम टेपचं. आधी साध्या टेपचा एक पदर, म्हणजे पुढे कधी उघडायचं झालं तर चिकट रबर कनेक्टरला धरून बसत नाही. त्यावर ताणली की स्वतःतच एकजीव होणारी रबरी टेप, अर्धा पदर अर्ध्यावर चढवत. त्यावर उन्हाला टिकणारी काळी टेप, आणि या वेळी शेवटचा थर खालून वर. शेवटचा वेढा ताणायचा नाही, ताणलेलं टोक काही महिन्यांत सुटून फडफडायला लागतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मात्र इथे कधीही लावू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. जोडाच्या खाली केबलला एक झोळ ठेवला, म्हणजे ओघळणारं पाणी जोडाकडे न जाता झोळाच्या तळाशी ठिबकेल.

रिपीटर सुरू केला तेव्हा ऊन होतं, त्यामुळे तो साफ बोलला यात मला विशेष काही वाटेना. म्हणून आम्ही त्या रात्री तिथेच थांबलो. पहाटे मामांनी हाक मारली. बाहेर इतकं धुकं की टॉवरचा खालचा भागही दिसत नव्हता. मी सेटचं बटण दाबलं, माझी कॉल साइन म्हणजे ओळखीची खूण सांगितली, सोडलं. पायथ्याच्या गावातून उत्तर आलं, आणि ते थांबल्यावर स्पीकरमधून काहीच आलं नाही. नुसती शांतता. मामांनी वही उघडली, धुक्यापुढे "दाट" लिहिलं, आणि त्याच्यापुढे "साफ".

परतताना काकांकडे वाट वाकडी केली. जुन्या कनेक्टरला मी चिठ्ठी बांधून नेली होती: केबलची मधली तार ४.८, वळ्या वेगवेगळ्या, केबलच्या ४२ मीटरवरून, टेप वरून खाली. काकांनी ती वाचली, शेवटचे तीन शब्द पुन्हा वाचले, आणि करवत काढली.